तात्पर्य झाकून गोष्ट वाचा

सिंह आणि सशाची गोष्ट माहीत नसलेला मराठी वाचक सापडणे कठीण. भासुरक नावाचा सिंह, त्याच्याकडे रोज एक प्राणी पाठवण्याचा जंगलाने केलेला करार, मुद्दाम उशिरा पोहोचलेला ससा, 'वाटेत दुसऱ्या सिंहाने अडवलं' ही त्याची थाप, आणि विहिरीतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर झेप घेऊन बुडालेला सिंह. गोष्ट संपली की खाली ठळक अक्षरांत एक ओळ येते : तात्पर्य, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ.

पण ही गोष्ट पंचतंत्रात कोण कोणाला सांगतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

सांगणारा आहे दमनक नावाचा कोल्हा आणि ऐकणारा त्याचा जोडीदार करटक. पिंगलक हा सिंह आणि संजीवक हा बैल यांची घट्ट मैत्री जमली आहे. त्या मैत्रीपायी दरबारात या दोघा कोल्ह्यांना कोणी विचारेनासे झाले आहे. दमनक म्हणतो, मी ही मैत्री तोडतो. करटकाला शंका येते : ते दोघे एवढे बलवान, तुझ्याच्याने हे कसे व्हायचे? त्यावर उत्तर म्हणून दमनक आधी कावळी आणि सापाची गोष्ट सांगतो, मग सिंह-सशाची. 'यस्य बुद्धिर्बलं तस्य' हा सुप्रसिद्ध श्लोक त्याच्याच तोंडी आहे. आणि मग तो ती बुद्धी वापरतो. सिंहाला जाऊन सांगतो की बैल तुझ्या जिवावर उठला आहे, बैलाला जाऊन सांगतो की सिंह तुला मारणार आहे. दोघे समोरासमोर येतात, एकमेकांच्या डोळ्यांत संशय पाहतात आणि झुंज होते. काहीही गुन्हा नसलेला संजीवक मरतो. दमनक मंत्री होतो.

म्हणजे आपण ज्याला लहानपणापासून शहाणपणाचे वचन समजत आलो, ते मूळ ग्रंथात एका कारस्थान्याने स्वतःच्या कारस्थानाच्या समर्थनासाठी वापरलेले वाक्य आहे. वाक्य खोटे नाही. सशाच्या हातात ते दुबळ्याचे शस्त्र आहे, दमनकाच्या हातात घर फोडण्याची पहार. प्राणिकथांमधून काय शिकायचे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि याला कारण खालची ती एक ओळ आहे. माझ्या मते सबंध गोष्टीत सर्वांत कमी भरवशाचा भाग तोच.

नीती म्हणजे नेमके काय

गोंधळाची सुरुवात एका शब्दापासून होते. आज 'नीती' म्हटले की सदाचार आठवतो. नीतिमान माणूस म्हणजे चांगला माणूस. पण राजनीती, रणनीती, कूटनीती हे शब्द पाहा. त्यांत चांगुलपणाचा वास नाही. तिथे 'नी' या धातूचा, म्हणजे नेण्याचा, जुना अर्थ अजून जिवंत आहे : परिस्थितीतून वाट काढत स्वतःला आणि आपल्या माणसांना पुढे कसे न्यायचे. पंचतंत्र हे त्या अर्थाने नीतीचे पुस्तक आहे.

त्याची चौकटही तेच सांगते. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती. त्याला बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती अशी तीन मुले. नावे दणदणीत आणि डोकी रिकामी. नुसते व्याकरण शिकायलाच बारा वर्षे लागतात, असे दरबारी सांगतात. तेव्हा विष्णुशर्मा हा ऐंशी वर्षांचा पंडित पुढे येतो आणि सहा महिन्यांत मुलांना तयार करण्याची हमी देतो. राजा शंभर गावे देऊ करतो, तर हा म्हणतो, मी विद्या विकत नाही. मग तो पाच तंत्रे रचतो : मित्रभेद, मित्रसंप्राप्ती, काकोलूकीय, लब्धप्रणाश आणि अपरीक्षितकारक. मित्र कसे तुटतात, कसे जोडले जातात, शत्रूच्या गोटात कसे शिरावे, हाती आलेले कसे निसटते आणि पारख न करता केलेल्या कृतीचे काय होते. उद्या राज्य चालवायला बसणाऱ्या मुलांचा हा अभ्यासक्रम आहे. खोटे बोलू नये, मोठ्यांचे ऐकावे, वाटून खावे अशा यादीला तिथे फारसा वाव नाही.

म्हणूनच दमनक जिंकतो. राजपुत्रांना हे कळायला हवे होते की चुगली कशी काम करते आणि कान हलका असलेला राजा स्वतःचा सर्वांत चांगला मित्र कसा गमावतो. चुगलखोराला शेवटी शिक्षा होते असे दाखवले असते, तर मुले निर्धास्त झाली असती.

हा शेवट पुढच्या वाचकांना पचला नाही, याचा पुरावाही उपलब्ध आहे. सहाव्या शतकात इराणचा राजा खुस्रो अनुशिरवान याच्या काळात बुर्झोय या वैद्याने या कथा पहलवी भाषेत नेल्या. तिथून इ. स. ७५०च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या. करटक-दमनकाचे तिथे कलीला आणि दिम्ना झाले. या अरबी पुस्तकात एक अख्खे प्रकरण जास्तीचे आहे, ज्यात दिम्नावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. ही भर इब्न अल-मुकफ्फानेच घातली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खलनायक मोकळा सुटलेला त्याला, किंवा त्याच्या वाचकांना, बघवेना. मला हा बदल समजतो. तरी मूळ शेवट अधिक उपयोगी वाटतो.

एक कासव, तीन धडे

तात्पर्य गोष्टीच्या पोटातून येते की बाहेरून चिकटवले जाते, हे तपासायचे असेल तर उडणाऱ्या कासवाची गोष्ट घ्यावी.

पंचतंत्रात कंबुग्रीव नावाचे कासव आहे. तळे आटू लागते, तेव्हा संकट आणि विकट हे दोन हंस मित्र चोचीत काठी धरतात, कासव ती मध्ये दातांनी पकडते आणि तिघे उडतात. खाली लोक ओरडतात, कासव 'काय झालं?' म्हणायला तोंड उघडते आणि पडते. इथे काढलेला धडा असा : हितचिंतक मित्रांचे जो ऐकत नाही, त्याचा नाश होतो.

बौद्ध जातककथांमध्ये हेच कासव वाराणसीच्या राजाच्या अंगणात येऊन आदळते. हा राजा इतका बोलका असतो की समोरच्याला तोंड उघडायची संधीच मिळत नाही. त्याचा अमात्य, म्हणजे बोधिसत्त्व (पूर्वजन्मीचे बुद्ध), नेमकी अशी संधी शोधत असतो. राजा विचारतो, हे असे कसे पडले? अमात्य सांगतो : तोंड आवरता आले नाही म्हणून. राजाला कळते की बोलणे कोणाबद्दल चालले आहे. इथला धडा वाचाळपणाचा.

इसापाच्या कथांमध्येही एक कासव उडते. पण तिथे ते स्वतःच गरुडाच्या मागे लागते, मला उडायला शिकव म्हणून. गरुड समजावतो, ते ऐकत नाही, गरुड त्याला वर नेऊन सोडतो. धडा : आपल्या प्रकृतीला न झेपणारे मागू नये.

कासव तिन्ही ठिकाणी वरून पडते आणि जिवाला मुकते. धडा मात्र सांगणाऱ्याला काय हवे त्यावर बदलतो. आणि मला तर चौथाही दिसतो : ज्याचा जीव तोंडात धरलेल्या काठीवर आहे, त्याच्याकडून कोणत्याही प्रश्नाच्या उत्तराची अपेक्षा करू नये. हंसांनी गर्दीवरून उडायलाच नको होते.

यात नवल नाही, कारण ग्रीकांकडे तात्पर्याची ओळ मुळात गोष्टीच्या शेवटी नव्हतीच. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस फालेरॉनच्या डिमिट्रियसने इसापाच्या कथांचा एक संग्रह केला होता. तो आज उपलब्ध नाही, पण अशा संग्रहांचा उपयोग प्रामुख्याने वक्त्यांना होत असावा, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. गोष्टीच्या आधी एक ओळ असे : अमुक प्रकारच्या माणसाबद्दल बोलायचे असल्यास ही वापरा. थोडक्यात, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. पुढे ही चिठ्ठी घसरत घसरत गोष्टीच्या खाली गेली आणि तिचे रूपांतर उपदेशात झाले. बाटलीवर लिहिलेला एक उपयोग म्हणजे औषधाचा सगळा गुण, असे आपण धरून बसलो.

प्राणीच का?

सोपे उत्तर असे की त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. 'एक गाढव होते' म्हटले की पात्रपरिचय संपला. चार ओळींच्या गोष्टीत स्वभाव उभा करायला जागा कुठे असते? (ग्रीक कथांमधला धूर्त प्राणी म्हणजे लाल कोल्हा, आपल्या खोकडाचा जवळचा नातलग, संस्कृत कथांमधला म्हणजे शृगाल, ज्याला मराठीत खरोखर कोल्हा म्हणतात. दोघे मराठीत एकाच नावाखाली आले. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' या म्हणीतला प्राणी काटेकोरपणे पाहिला तर आपला कोल्हाच नाही. पण म्हणीला प्राणिशास्त्र लागत नाही.)

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे इसाप हा सामोस बेटावरच्या इआडमोन नावाच्या माणसाचा गुलाम होता. त्याच्या कथा लॅटिन पद्यात आणणारा फिड्रस हाही गुलामीतून मुक्त झालेला. हा फिड्रस स्पष्ट लिहितो की गुलामाला मनातले उघड बोलता येत नव्हते, म्हणून त्याने ते कथांच्या आडून बोलायला सुरुवात केली. एवढी काळजी घेऊनही सम्राट टायबेरियसचा उजवा हात असलेल्या सिजेनसचा रोष त्याने ओढवून घेतलाच. वर आलेला इब्न अल-मुकफ्फाही पुढे सत्ताधाऱ्यांच्या हातून मारला गेला. सिंह मूर्ख आहे असे म्हणणे सुरक्षित असते, पण सिंहाला गोष्ट कळेपर्यंतच.

हे लक्षात घेतले की काही कथा एकदम वेगळ्या दिसू लागतात. 'सिंहाचा वाटा' घ्या. मराठीत हा शब्दप्रयोग आपण कौतुकाने करतो; अमुक यशात अमुकचा सिंहाचा वाटा आहे, म्हणजे त्याने सर्वांत जास्त काम केले. फिड्रसच्या कथेत गाय, बकरी, मेंढी आणि सिंह मिळून शिकार करतात. सिंह चार वाटे करतो. पहिला माझा, कारण मी राजा. दुसरा माझा, कारण मी भागीदार. तिसरा माझा, कारण मी बलवान. चौथ्याला कोणी हात लावून बघा. सिंहाचा वाटा म्हणजे सगळे. एका मुक्त गुलामाने लिहिलेला भागीदारीचा हा हिशोब आपल्या भाषेत येईपर्यंत सत्कार समारंभातले वाक्य होऊन बसला.

मग मुलांना या गोष्टी सांगायच्या की नाही?

सांगायच्या. पण त्या ऐकून मुले चांगली होतील ही अपेक्षा वेगळी काढून ठेवावी.

ही शंका नवी नाही. फ्रेंच विचारवंत रूसो याने १७६२मध्येच ती काढली होती. कावळ्याची स्तुती करून त्याच्या चोचीतले चीज पळवणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट मुलांना सांगितली, तर मुले कावळ्याला हसतात आणि कोल्ह्याच्या बाजूने होतात, असे त्याचे निरीक्षण. स्तुतीला भुलू नये हे शिकवायला जावे आणि मूल स्तुती करून काम कसे साधावे ते शिकून यावे. ज्याने कधी लहान मुलाला ही गोष्ट सांगितली आहे, त्याने मुलाचा चेहरा आठवून पाहावा.

अलीकडे टोरांटोमधल्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष तपासले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना 'मागे वळून खेळणे बघू नकोस' असे सांगून एकटे सोडले, मग एक गोष्ट ऐकवली आणि विचारले, बघितलेस का? 'लांडगा आला रे आला' ऐकलेली मुले खरे बोलण्यात काडीने पुढे नव्हती. चेरीचे झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुले मात्र जास्त प्रमाणात खरे बोलली. भीतीने काम केले नाही, खरे बोलून भले होते हे दिसले तेव्हा झाले. २०१७च्या दुसऱ्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलचे पुस्तक वाचून दाखवले. पात्रे माणसे असतील तर मुलांनी आपली स्टिकर जास्त वाटली. तीच पात्रे कपडे घातलेले प्राणी असतील तर तसे झाले नाही.

एखाद-दोन प्रयोगांवरून इमले बांधू नयेत. तरी याचे एक कारण मला पटते. प्राण्याच्या आडून बोलण्याने अंतर तयार होते. वाचाळ राजाला हे अंतर हवेच असते. त्यामुळे त्याचा अपमान होत नाही आणि मुद्दा पोहोचतो. चार वर्षांच्या मुलाला ते अंतर ओलांडून 'हा अस्वलाचा बच्चा म्हणजे मी' इथपर्यंत यायला जास्त श्रम पडतात. मोठ्यांसाठी केलेली सोय लहानांना अडचण होते.

उपदेशाच्या उपयोगाबद्दल पंचतंत्राचेही भ्रम नाहीत. त्यात सूचीमुख नावाच्या पक्ष्याची गोष्ट आहे. थंडीने कुडकुडणारी माकडे लालभडक गुंजा गोळा करून, विस्तव समजून फुंकत बसलेली असतात. हा पक्षी त्यांना पुन्हा पुन्हा समजावतो की अरे, हा विस्तव नाही. शेवटी एक माकड त्याला पकडून दगडावर आपटते. न मागता धडे देणाऱ्या सर्वांनी, यात प्रस्तुत लेखकही आला, ही गोष्ट अधूनमधून वाचावी.

दोन उंदीर

आता ज्या ठिकाणी या कथा मला सर्वांत श्रीमंत वाटतात तिथे येतो. तिथे त्या एकमेकींना खोडून काढतात.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित उंदराची गोष्ट सांगतो. एका वडाच्या मुळाशी पलिताचे बीळ, वर फांद्यांत लोमश नावाचा बोका. एका रात्री लोमश पारध्याच्या जाळ्यात अडकतो. उंदीर आनंदाने बाहेर येतो, जाळ्यावरचे आमिषाचे मांस खाऊ लागतो, आणि मग बघतो तर खाली मुंगूस टपलेला आणि वर घुबड. पळायला जागा नाही. त्या क्षणी सर्वांत सुरक्षित जागा कोणती? बांधलेल्या शत्रूच्या पोटाखालची. उंदीर बोक्याला प्रस्ताव देतो : तू मला आसरा दे, मी तुझे पाश कुरतडतो. बोका कबूल होतो, उंदीर त्याच्या कुशीत शिरतो, मुंगूस आणि घुबड निराश होऊन निघून जातात.

आता बोका घाई करतो : काप ना लवकर. उंदीर मुद्दाम सावकाश कुरतडतो. वेळेआधी तुला सोडले तर तू मलाच खाशील. पारधी दिसला की शेवटचा धागा तोडीन, तेव्हा तुला पळण्याखेरीज काही सुचणार नाही. पहाटे कुत्र्यांसह पारधी येतो. शेवटचा धागा तुटतो, बोका झाडावर, उंदीर बिळात.

गोष्ट इथे संपली असती तरी चालले असते. पण मग बोका वरून गोड आवाजात हाक मारतो : मित्रा, तू माझा जीव वाचवलास, ये, आता आपण एकत्र राहू. उंदीर बिळातूनच उत्तर देतो. जन्मतः कोणी कोणाचा मित्र नसतो की शत्रू नसतो, गरज ते ठरवते. आपल्याला जोडणारी गरज संपली. तू रात्रभर उपाशी आहेस आणि मी उंदीर आहे. तुझ्या शब्दांत खोट नसेलही, पण मी बाहेर येणार नाही.

पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातही एक उंदीर आहे, हिरण्यक. तोही जाळी कापतो. चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा थव्यासकट जाळ्यात सापडतो, सगळे मिळून जाळे घेऊन उडतात आणि हिरण्यकाच्या बिळापाशी उतरतात. उंदीर आधी राजाचे पाश कापू लागतो, तर राजा म्हणतो, आधी माझ्या माणसांचे काप. लघुपतनक नावाचा कावळा हे सगळे पाहतो आणि हिरण्यकाशी मैत्री मागतो. उंदीर तेच म्हणतो जे पलित म्हणाला असता : तू खाणारा, मी खाद्य, कसली मैत्री? कावळा हटत नाही, दारात उपाशी मरेन म्हणतो. मग बोलणे सुरू होते, उंदीर आत आणि कावळा बाहेर. हळूहळू उंदीर बाहेर येतो. ही मैत्री आयुष्यभर टिकते. त्यात पुढे मंथरक कासव आणि चित्रांग हरीण येऊन मिळतात आणि सगळे एकमेकांचे जीव वाचवतात.

दोन्ही उंदरांपुढे एकच प्रश्न होता : जो मला खाऊ शकतो, त्याच्यावर विश्वास टाकू का? एकाने नाही म्हटले आणि वाचला. दुसऱ्याने हो म्हटले आणि त्याला मित्र मिळाले. एकाच्या खाली 'शत्रूवर विश्वास ठेवू नये' लिहा, दुसऱ्याच्या खाली 'वैर विसरून मैत्री करावी' लिहा, म्हणजे एकमेकांना रद्द करणारी दोन वाक्ये हाती येतील आणि उद्या उपयोगी कोणतेच पडणार नाही.

गोष्टी शेजारी ठेवल्या तर फरक कुठे आहे ते दिसते. बोक्याने मैत्री मागितली तेव्हा तो नुकताच मोकळा आणि भुकेला होता. त्याचे हे प्रेम संकटाआधी कधी दिसले नव्हते. कावळ्याला हिरण्यकाकडून त्या घडीला काही सोडवून घ्यायचे नव्हते. त्याने दुसऱ्याशी झालेले वागणे पाहून मैत्री मागितली, आणि उंदराला बिळात राहूनच बोलायची मुभा दिली, हवा तेवढा वेळ. पाहायचे ते एवढेच : समोरच्याला आत्ता काय हवे आहे, तो घाई करतो आहे का, आणि माझे बीळ माझ्याकडे राहते का. भागीदारी, नोकरी, लग्न, उसनवारी, कुठेही लावून पाहा. हे बारकावे एका ओळीच्या तात्पर्यात मावत नाहीत. म्हणून तर गोष्ट लागते.

असेच 'लब्धप्रणाश'चे. रक्तमुख माकड आणि करालमुख मगर यांची ती गोष्ट. मगरीला, म्हणजे करालमुखाच्या बायकोला, माकडाचे काळीज हवे असते. माकडाला पाठीवरून समुद्रातून नेताना करालमुख तो बेत सांगून बसतो. माकड म्हणते, काळीज तर झाडावर राहिले. आपण माकडाच्या प्रसंगावधानाला टाळ्या देतो. पण तंत्राचे नाव वाचा : मिळालेले गमावणे. माकडाने काय गमावले? काहीच नाही. ग्रंथकाराच्या नजरेने ही कथा करालमुखाची आहे. रोज गोड जांभळे देणारा मित्र त्याच्याकडे होता, तो त्याने स्वतःच्या घरच्या हट्टापायी घालवला, आणि दगाही धड करता आला नाही. आपण नेहमी स्वतःला माकडाच्या जागी बसवतो. आयुष्यात किती वेळा आपण मगर होतो, याची मोजदाद कोणी करत नाही.

जिथे कथा चुकतात

सगळेच सोने नाही. काकोलूकीयात एका ऋषीने उंदरीची मुलगी केल्याची गोष्ट आहे. लग्नासाठी तिला सूर्य, ढग, वारा, डोंगर दाखवतात, एकही पसंत पडत नाही. उंदीर दिसताच ती खूश होते. धडा : जात सुटत नाही. वाघ वाघच राहतो हे प्राण्यांपुरते ठीक, पण गोष्ट माणसांबद्दल आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. गोष्टीतल्या प्राण्याचा स्वभाव ठरलेला असतो ही तिची सोय आहे. ती सोय माणसाच्या जन्माला लावली की विष होते. या कथांमध्ये बायकांबद्दलही असे बरेच आहे, जे मी तरी सांगताना गाळतो.

नदी पार करताना बेडकाला डसणारा विंचू, 'काय करू, माझा स्वभावच असा' म्हणणारा, याच पंथातला. तो इसापात नाही आणि पंचतंत्रातही नाही. आज सर्वत्र फिरणारे त्याचे रूप विसाव्या शतकातले. आणि इसापाची मुंगी? नाकतोड्याला दारातून हाकलणारी ती कष्टाळू मुंगी आदर्श म्हणून आपल्यासमोर ठेवली जाते. इसापाच्याच कथांमध्ये दुसरी एक कथा सांगते की मुंगी पूर्वी शेतकरी होती. स्वतःच्या पिकावर समाधान नसल्याने शेजाऱ्यांचे धान्य चोरायची, म्हणून झ्यूसने तिची मुंगी केली. रूप बदलले, सवय गेली नाही. ही कथा पाठ्यपुस्तकांत फारशी दिसत नाही.

इसापाच्याच नावावरची एक गोष्ट ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. सामोसमध्ये एका लोकनेत्यावर देहदंडाचा खटला चालू होता. इसाप त्याच्या बाजूने बोलायला उभा राहिला आणि म्हणाला : नदी ओलांडताना एक कोल्हा कपारीत अडकला. बाहेर निघता येईना, अंगाला गोचिडी लागलेल्या. एक जाहक, म्हणजे तो अंगभर काटे असलेला छोटा प्राणी, तिथून जात होता. त्याला दया आली. विचारले, काढू का गोचिडी? कोल्हा म्हणाला, नको. या पोट भरलेल्या आहेत, आता थोडेच रक्त पितात. या काढल्यास तर दुसऱ्या भुकेल्या येतील आणि उरलेलेही संपवतील. तेव्हा सामोसच्या लोकांनो, हा माणूस आता श्रीमंत झाला आहे, तो तुमचे आणखी नुकसान करणार नाही. याला मारलेत तर गरीब नवे येतील आणि तुमची तिजोरी रिकामी करतील.

हा त्या माणसाचा बचाव होता की त्याच्यावरचा सर्वांत जहरी आरोप? सामोसच्या लोकांनी काय निकाल दिला, ते ॲरिस्टॉटलने लिहिलेले नाही.